लाल बटण आणि त्यानंतर



वसंतातल्या या व्यासपीठावरून विद्वान माणसे बोलत आली आहेत. मी विद्वान नाही. दहावीच्या उंबरठ्यावर शाळा सुटली, कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, आणि त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, शब्दकोश शेजारी ठेवून. आजचा विषयही मला पुस्तकात सापडलेला नाही. तो एका गोदामाच्या फरशीवर माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि मग त्याच्यासाठी पुस्तके शोधावी लागली.

मोठ्या गोदामांत आणि कारखान्यांत आता एक नवे वाहन फिरू लागले आहे. ते गुडघ्याएवढे उंच आणि चपटे असते. मालाने भरलेल्या ट्रॉलीखाली ते शिरते, तिला किंचित उचलते आणि चालकावाचून गोदामाच्या या टोकापासून त्या टोकाला नेऊन ठेवते. आपण त्याला फिरता यंत्रमानव म्हणू. आमचे कामगार त्याला ‘कासव’ म्हणतात. चालकाविना चालणारी गाडी ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकातच तारेच्या मागाने चालणाऱ्या गाड्या निघाल्या होत्या. पण त्या ट्रामप्रमाणे ठरल्या वाटेने जात. आजची गाडी नकाशा स्वतःजवळ बाळगते, वाट अडली तर दुसरी वाट काढते. अशा गाड्या बनविणारी किवा ही २००३ साली निघालेली कंपनी ॲमेझॉनने २०१२ साली साडेसत्याहत्तर कोटी डॉलरना विकत घेतली, आणि आपल्या कामावरील यंत्रमानवांची संख्या दहा लाखांवर पोचल्याचे २०२५ साली जाहीर केले. आपल्याकडील गोदामांतही त्यांचा शिरकाव झाला आहे.

ही गाडी अडचणीच्या वेळी थांबवायची कशी, आणि थांबविल्यावर पुन्हा चालू करायची कोणी व कशी, हे दोन प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. पहिल्याची चर्चा सगळीकडे होते. दुसऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि मी जो अपघात जवळून पाहिला तो या दुसऱ्या प्रश्नातूनच घडला होता.

साच्यावरचा धडा

माझे वडील मुंबईत गिरणगावात साचेखात्यात कामाला होते. बाण्याचा धागा तुटला की साचा आपोआप थांबे, कारण धागा आहे की नाही हे चाचपणारा एक लहानसा काटा साच्याला बसविलेला असे. पण थांबलेला साचा आपोआप सुरू होत नसे. विणकराने यायचे, तुटलेले टोक शोधायचे, धोटा जागेवर आहे ना ते पाहायचे, आणि मग स्वतःच्या हाताने दांडा ओढायचा. वडील म्हणत, “थांबायला साचा हुशार आहे, पण सुरू करायला माणूसच पाहिजे.” लहानपणी मला यात विशेष काही वाटले नाही. आज वाटते, कारण माझे सारे व्याख्यान या एका वाक्यात आले आहे.

जपानात साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच थांबणाऱ्या मागावर बरीच वर्षे खपून १९२४ साली आपला प्रसिद्ध स्वयंचलित माग सिद्ध केला. त्यांच्या घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला तेव्हा हेच तत्त्व तेथे नेले. जोडणीच्या रांगेत दोष दिसला की साध्या कामगारानेही दोरी ओढावी आणि गरज पडली तर सारी रांग थांबावी, अशी व्यवस्था केली. दोरी ओढणाऱ्याकडे वरचा माणूस धावत येतो तो काय अडले ते पाहण्यासाठी, जाब विचारण्यासाठी नव्हे. हा भेद आपण ध्यानात ठेवू. पुढे तो उपयोगी पडेल.

थांबण्याचे तीन प्रकार

यंत्रमानवाचे थांबणे तीन तऱ्हांचे असते, आणि त्यांची गल्लत झाली की घोटाळा होतो.

पहिला साधा थांबा. काम संपले, विजेरी भरायची आहे, पुढची गाडी जाऊ द्यायची आहे, म्हणून गाडी उभी राहते. तिच्या मनात पुढचा हुकूम तयारच असतो.

दुसरा संरक्षक थांबा. गाडीच्या अंगावर, पायाच्या पोटरीच्या उंचीवर, अदृश्य किरण फिरविणारे एक यंत्र असते. ते पुढचा परिसर सतत चाचपते. दूरच्या पट्ट्यात कोणी आले तर गाडी वेग कमी करते, जवळच्या पट्ट्यात आले तर थांबते, आणि माणूस बाजूला झाला की आपली आपण पुन्हा निघते. हा थांबा माणसाला कसा ओळखतो याची परीक्षा ठरलेली आहे. ७० मिलिमीटर जाडीचा उभा दांडा म्हणजे उभ्या माणसाचा पाय, आणि २०० मिलिमीटर जाडीचे, ६०० मिलिमीटर लांबीचे आडवे नळकांडे म्हणजे जमिनीवर पडलेला माणूस, असे मानून गाडी या दोहोंपुढे थांबते की नाही ते पाहतात. पण हे किरण एका सपाट पातळीत फिरतात. त्या पातळीच्या वर ट्रॉलीतून बाहेर आलेली लोखंडी पट्टी, किंवा वाकून गाडीवर टेकलेले माणसाचे डोके, त्यांना दिसेलच असे नाही.

म्हणून तिसरा, आणीबाणीचा थांबा. पिवळ्या पाठीवर लाल भूछत्रासारखे बटण. ते माणूस दाबतो. दाबल्यावर ते आतच अडकून राहते, आणि कोणीतरी मुद्दाम पिळून सोडवीपर्यंत गाडी हलता कामा नये. या बटणासंबंधीच्या आयएसओ १३८५० या आंतरराष्ट्रीय नियमात एक गोष्ट स्पष्ट आहे. हे बटण इतर संरक्षणाला जोड म्हणून आहे, त्याची जागा घेण्यासाठी नाही. “बटण आहे ना, मग कुंपण कशाला, सेन्सर कशाला” असे एखादा व्यवस्थापक म्हणू लागला तर तो नियमाच्या उलट बोलत असतो. बटण दाबण्यासाठी माणसाला आधी धोका दिसावा लागतो, मग हात पोचावा लागतो. तेवढ्यात व्हायचे ते होऊन जाते.

वीज तोडली म्हणजे झाले काय?

आपल्याला वाटेल की बटण दाबताच वीज तोडावी, एवढे सोपे आहे. पण ट्रॉलीवर अर्धा टन माल उभा रचलेला असताना गाडी एकदम जखडली तर ट्रॉली उलटेल आणि वाचवायच्या माणसाच्याच अंगावर माल पडेल. म्हणून यंत्रांच्या विद्युत् व्यवस्थेच्या नियमात आणीबाणीच्या थांब्याचे दोन मार्ग मान्य केले आहेत. एकात वीज तत्काळ तुटते. दुसऱ्यात गाडी वीज वापरूनच आवरत आवरत थांबते, आणि थांबल्यावर वीज तुटते. तिसराही एक मार्ग आहे, त्यात थांबल्यावरही वीज चालू राहते. पण तो आणीबाणीला चालत नाही. शेवटी शक्ती तुटलीच पाहिजे.

थांबायला जागा किती लागते याचा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. समजा, गाडी सेकंदाला दीड मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चालली आहे, आणि दर सेकंदाला तिचा वेग एक मीटरने कमी करता येतो. ब्रेक लागल्यावर ती सुमारे १.१ मीटर जाईल. यंत्राला समजून ब्रेक लागेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला तर आणखी ०.३ मीटर. एकूण जवळजवळ १.४ मीटर. आता उत्पादन वाढावे म्हणून वेग दुप्पट केला तर ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते, आणि एकूण अंतर पाच मीटरांवर जाते. वेग वाढविण्याचा हुकूम कार्यालयातून एका बोटाने देता येतो. पण त्याच्याबरोबर संरक्षक पट्टाही तितका वाढविला की नाही, हे कामगारांच्या प्रतिनिधीने विचारलेच पाहिजे.

बटणाच्या पोटात काय असते तेही पाहू. सामान्य दिव्याचे बटण दाबले की वीज सुरू होते. येथे उलट आहे. सारे ठीक असताना बटणातून वीज वाहत असते, तीही दोन वेगळ्या वाटांनी, आणि बटण दाबले की त्या तुटतात. तार कुरतडली गेली किंवा जोड सैल झाला, तरी वीज तुटते आणि गाडी थांबते. चाकांचे ब्रेकही असेच, स्प्रिंगच्या जोराने लागलेले आणि विजेने उघडे धरलेले. वीज गेली की ते आपोआप आवळतात. बिघाड झालाच तर तो थांबण्याच्या बाजूला व्हावा, हे यामागचे सूत्र आहे.

हे सूत्र आपण रोज रेल्वेत पाहतो. आगगाडीच्या ब्रेकच्या नळीत दाब असतो तोवर ब्रेक मोकळे असतात. डब्यातली साखळी ओढली की नळीतला दाब जातो आणि ब्रेक लागतात. नळी फुटली तरी तेच होते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ च्या सुमारास ही युक्ती काढली. आणि पुढचा भाग आपण सर्वांनी खिडकीतून पाहिला आहे. साखळी ओढल्यावर रेल्वेचा माणूस खाली उतरतो, ज्या डब्यात साखळी ओढली त्या डब्यापाशी चालत जातो, काय झाले ते पाहतो, आणि तेथेच ती पूर्ववत करतो. इंजिनात बसल्या जागी कोणी तो निर्णय परस्पर घेत नाही.

जुना कायदा आणि नवी गाडी

आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २४ व्या कलमात, प्रत्येक कामाच्या दालनात चालू यंत्रांची शक्ती आणीबाणीत तोडण्याचे योग्य साधन असावे, असे सांगितले होते. तो अधिनियम पुढे व्यावसायिक सुरक्षिततेच्या २०२० च्या संहितेत सामावला गेला. कलम लिहिले तेव्हा शक्ती बाहेरून येत असे, दांड्यावरून आणि पट्ट्यांवरून, नाहीतर भिंतीवरच्या तारांतून. मेन स्विच पाडला की दालन शांत होई. कासवाची विजेरी त्याच्या पोटात असते. दालनाचा मेन स्विच पाडा, दिवे जातील, पंखे थांबतील, आणि कासव अंधारात चालत राहू शकेल! कायद्याचा हेतू पाळायचा तर या गाड्यांसाठी वेगळा विचार हवा. भिंतीवर बटण बसविले असेल तर त्याने नेमक्या किती गाड्या थांबतात, हे त्यावर लिहिलेले असले पाहिजे. गाडीवरच्या बटणाने बहुधा ती एकच गाडी थांबते. मागची येतच राहते. बिनतारी बटण असेल तर संदेश तुटताच गाडी थांबली पाहिजे.

बटण ओळखीचे नसले की काय होते, ते जपानात १९८१ साली दिसले. आकाशी येथे कावासाकीच्या कारखान्यात यंत्रमानवाच्या दुरुस्तीसाठी कुंपण ओलांडून गेलेला एक कामगार त्याच्या हाताखाली दाबला गेला. भोवतालच्या कामगारांना ते यंत्र थांबविता आले नाही, कारण ते चालविण्याची त्यांना माहिती नव्हती. त्याआधी २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगनमध्ये फोर्डच्या ओतशाळेत एक तरुण कामगार सुटे भाग काढण्यासाठी मांडणीवर चढला असता, माल आणणारे एक टनी स्वयंचलित यंत्र मागून येऊन त्याच्यावर आदळले आणि तो मेला. १९८३ साली पंचांनी त्याच्या कुटुंबाला यंत्र बनविणाऱ्या कंपनीकडून एक कोटी डॉलरची भरपाई ठरविली. माणूस आत असताना यंत्र चालू असणे, हे त्या दुर्घटनेचे मूळ आहे.

बटण सोडल्यावर

आता माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगतो. गोदामाचे नाव सांगत नाही. एका कासवाच्या चाकात पॅकिंगची प्लॅस्टिकची पट्टी गुंतली. पॅकिंग खात्यातल्या एका बाईंनी ते पाहिले आणि लाल बटण दाबले. गाडी थांबली. एका माथाडी कामगाराने खाली वाकून पट्टी ओढायला हात घातला. इकडे कार्यालयातल्या पडद्यावर लाल ठिपका दिसला. सुपरवायझरने एका पोऱ्याला पाठविले, “जा, बटण सोडव.” पोऱ्या ट्रॉलीच्या दुसऱ्या अंगाने आला. मालाच्या भिंतीआड वाकलेला माणूस त्याला दिसला नाही. त्याने बटण पिळले, आणि गाडी आपल्या जुन्या हुकमाप्रमाणे निघाली. त्या माथाडीची दोन बोटे चाकाखाली चिरडली; एक पुढे काढावे लागले.

नियम असा आहे की बटण सोडविल्याने गाडी सुरू होऊ नये. सुरू होण्याची केवळ परवानगी मिळावी. त्यानंतर वेगळी कळ जाणूनबुजून दाबावी लागावी. या गाड्यांतही ती पायरी होती. पण दर वेळी अर्धा मिनिट जातो म्हणून ती काढून टाकलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. सुपरवायझरला न विचारता काम बंद पाडले म्हणून! त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “अण्णा, बटण दाबलं ते चुकलं का हो माझं?” मी म्हटले, “नाही ताई. त्या दिवशी तुम्ही एकट्याच बरोबर वागलात.” चौकशीत भांडून नोटीस मागे घ्यायला लावली, वेगळी कळही परत बसवून घेतली. पण खरे सांगायचे तर दोष आमच्याही संघटनेकडे येतो. या गाड्या आल्या तेव्हा आम्ही करार केला होता. त्यात किती माणसांचे काम जाणार यावर पाने भरली होती; थांबलेली गाडी कोण सुरू करणार, यावर एक ओळही नव्हती. ते बोट मला अजून आठवते.

पुन्हा सुरू करण्याचा योग्य क्रम कसा असावा? आधी माणूस. कोणी दाबले गेले असेल तर ब्रेक आवळलेली गाडी त्याच्या अंगावर तशीच बसून राहते, ढकलूनही हलत नाही. म्हणून ब्रेक हाताने मोकळा करण्याची सोय कोठे आहे हे त्या दालनातल्या प्रत्येकाला माहीत हवे. मग कारण शोधायचे आणि दूर करायचे. मग गाडीभोवती पूर्ण फेरी मारून, जेथे दाबले तेच बटण सोडवायचे. मग वेगळी कळ.

पण एवढ्याने गाडी शहाणी होत नाही. ती आपली जागा दोन रीतींनी ओळखते, चाकांचे फेरे मोजून आणि भोवतालच्या भिंती नकाशाशी ताडून. थांबली असताना कोणी तिला ढकलले असेल तर फेऱ्यांचा हिशेब चुकतो. एकासारख्या एक रांगा असलेल्या गोदामात ती स्वतःला शेजारच्या रांगेत समजू शकते. म्हणून निघण्यापूर्वी तिने जागेची खात्री करावी, आणि खात्री नसेल तर माणसाला विचारावे. तिसरी गोष्ट जुन्या हुकमाची. दहा मिनिटांपूर्वी ‘पुढे जा’ सांगितले होते ते आता लागू आहे काय? भोवतालचे जग बदलले आहे. राहिलेला हुकूम पुसून नवा द्यावा, हे बरे. आणि निघताना आवाज, दिवा, आणि सुरुवातीला मंद गती.

एवढे सारे वाचून व्यवस्थापक म्हणेल, यात वेळ फार जातो. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. एक गाडी आडवी थांबली की मागे दहा तुंबतात, त्या सगळ्यांना वाटेवर आणायचे म्हणजे काम आहे. पण याचा परिणाम कोठे होतो पाहा. पुन्हा सुरू करणे जितके किचकट, तितका बटण दाबणाऱ्याचा हात कचरतो. दाबले तर बोलणी, नोटीस, शिफ्टचा आकडा खाली. मग माणूस क्षणभर थबकतो, आणि वर सांगितलेला हिशेब आठवा, त्या एका क्षणात गाडी दीड मीटर जाते. म्हणून सुरळीत आणि सुरक्षित पुनरारंभ ही केवळ उत्पादनाची सोय नाही, तिच्यावर बटणाचा उपयोगही अवलंबून आहे. क्रम थोडका, शिकविलेला, गाडीवर मराठीत लिहिलेला असावा. पायऱ्या गाळून तो वेगवान करू नये.

आपण काय मागावे

विनाकारण साखळी ओढणाऱ्याला १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या १४१ व्या कलमाप्रमाणे शिक्षा आहे. प्रवाशांच्या बाबतीत ते समजण्याजोगे आहे. कारखान्यात मात्र माझे म्हणणे असे की प्रामाणिकपणे बटण दाबणाऱ्याला, धोका नव्हता असे मागाहून ठरले तरी, विचारपूस व्हावी पण शिक्षा होऊ नये. हे करारात लिहून घ्यावे. दुसरे, जो सुरू करील त्याने जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहिलेले असावे. दूरच्या पडद्यावरून आणीबाणीचा थांबा उठवू नये. तिसरे, हंगामी आणि कंत्राटी माणसासह प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बटण दाबून पाहायला द्यावे. फोर्डचा मृत्यू आणि आकाशीचा मृत्यू, दोन्ही ठिकाणी यंत्र आपल्या नेमलेल्या चालीनेच चालले होते. त्याला आवरू शकणारे माणसांचे हात मोकळे नव्हते किंवा अडाणी होते. चौथे, आग लागल्याची घंटा झाली की गाड्यांनी दारात उभे राहू नये, वाट मोकळी करून थांबावे. याची तालीम वर्षातून एकदा तरी व्हावी.

आपणांपैकी पुष्कळजण कारखान्यात जाणारे नाहीत. पण ही गाडी कारखान्यापुरती राहणार नाही. उद्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात औषधे घेऊन, विमानतळावर फरशी पुसत ती आपल्यासमोर येईल. तेव्हा तिच्याकडे कौतुकाने अवश्य पाहा. माणसाच्या बुद्धीचे ते फळ आहे. पण त्याबरोबर लाल बटण कोठे आहे तेही पाहून ठेवा. आणि गाडी कधी थांबलेली दिसली, तर ती कोणीतरी काही कारणाने थांबविली असेल, हे ध्यानात घेऊन आधी तिच्याखाली वाकून बघा. माझ्या वडिलांनी तीस वर्षे दांडा ओढण्यापूर्वी साच्यावर नजर फिरविली. तेवढे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.